नमुना सात

रविवार. शाळेला कुलूप, किल्ली माझ्याकडे.
बाकावर यादी पसरलीय, भाग क्रमांक एकशे बारा,
दुधनेच्या अलीकडचं गाव, तांडा धरून
नऊशे सदतीस नावं.
अनुक्रमांक चारशे सहा:
सोजरबाई किसन गवारे, वय सत्त्याण्णव.
तिच्या हिशेबानं शंभराच्या पुढं.
नाव वगळायचं, कारण लिहायचं.
मला पाठ असलेली कारणं तीन:
मयत, स्थलांतरित, दुबार.

पेन मयतवर टेकवला खरा,
पण बाई इतकी सोपी नव्हती.

पहिल्या यादीला पटवारी दारात आला.
घरात बाया किती? नावं सांगा.
सासरा म्हणाला, लिही, किसनची बायको.
त्यानं लिहिलं.
मग वरून हुकूम आला, असली नावं धरायची नाहीत.
एका रेघेत गावातल्या साठ बाया गेल्या,
कुणाची आई, कुणाची सून.
बावन्नला मतदान ह्याच शाळेत.
आत जाताना बाप्यांनी वहाणा काढल्या,
देवळात काढतात तशा,
आणि वहाणा राखायला लिंबाखाली सोजरबाई.
आत हैबती कोतवाल एकेकाला पडद्याआड सोडत होता.
चिन्हागणिक वेगळी पेटी.
कुणी पेटीला कुंकू लावलं,
कुणी चिठ्ठीमागं सुपारी सोडली.
"आन् मी वहाना मोजल्या," सांगायची ती,
"एकशे सहा जोड. मानसं एकशे पाच.
त्यो एक जोड कुनाचा, आजून कळंना."

सत्तावन्नच्या आधी नवा पटवारी आला. सासरा तोच.
सोजरबाई जात्यावरून उठली,
पीठ झटकलं, पदर घेतला,
आणि सासऱ्यादेखत स्वतःचं नाव घेतलं.
नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतात, ठाऊक आहे;
स्वतःचं, असं कोरडं, यमकाशिवाय,
त्या ओसरीवर कुणी घेतलं नव्हतं.
दोन दिवस घरात कुणी तिच्याशी बोललं नाही.
नाव राहिलं.

दुबार म्हणजे दोनदा.
तिला एकदा व्हायलाच पाच वर्षं लागली.

स्थलांतरित म्हणावं, तर
बावन्नला ती हैदराबाद राज्यात होती,
सत्तावन्नला मुंबई राज्यात,
बासष्टला महाराष्ट्रात,
आणि उंबरा एकच, चूल एकच.
पुढं मतदारसंघाच्या रेघा हलल्या,
कधी ह्या तालुक्याशी बांधले गेलो, कधी त्या.
खासदार येत. म्हणजे, यायचे पाचव्या वर्षी.
एकानं सबंध मुदतीत एकच प्रश्न विचारला म्हणे,
आमचे रूळ रुंद कधी होणार.
उत्तर: बाब विचाराधीन आहे.
शेख मौलानं ते कात्रण सायकलच्या दुकानात
पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलं.
रूळ रुंद झाले तोवर
खासदार गेला होता, मौलाही,
कात्रण भिंतीत मुरलं होतं.

मी पोरांना नकाशा शिकवत होतो, ती खिडकीशी थांबली.
विचारलं, आजी, दिल्ली कुठं?
"मनमाडच्या पल्याड," म्हणाली.
"आपला मानूस मनमाडला गाडी बदलतो
आन् तिथंच आपल्याला इसरतो."
पोरं हसली. मी खडू शोधत राहिलो.

मागच्या खेपेला म्हटलं, तुमच्या वयाला
मत घरी येऊन घेतात आता.
"पेटी काय पाव्हनी हाय व्हय, घरी यायला?"
नातवाच्या मोटारसायकलवर आली.
पायरीशी चपला काढल्या.
काढायची गरज नाही, म्हणालो.
"गुर्जी, ध्यान ठिवा," एवढंच बोलली आणि आत गेली.
यादी, टेबल, रांग सोडून
मी पाच मिनिटं तिच्या चपला राखत उभा.
बोटाची शाई दाखवत बाहेर आली,
माझ्याकडे न बघता चपलांकडे बघितलं आधी.

कारण लिहिलं: मयत.
खाली सही. तारीख.
कुलूप लावायला बाहेर आलो तर
दाराशी माझीच चप्पल, एकच जोड.
तरी मोजली.